एचआयव्ही प्रतिबंधक औषधयोजना, समलिंगी पुरुषांतील

एड्स या रोगास कारणीभूत असणाऱ्या एचआयव्ही (मानवी प्रतिरक्षान्यूनता विषाणू) या विषाणूचा संसर्ग होऊ नये म्हणून निरोगी व्यक्तीस द्यावयाची औषधे व ती देण्याची पद्धती. हिचे मुख्य प्रकार दोन आहेत. विषाणूशी संपर्क आल्याचा संभव असेल, तेव्हा तातडीने सुरू करून २८ दिवस घ्यावयाच्या उपचारास संपर्कोत्तर प्रतिबंध (पेप) म्हणतात. संपर्क येण्यापूर्वीपासूनच घेतल्या जाणाऱ्या औषधास संपर्कपूर्व प्रतिबंध (प्रेप) अशी संज्ञा आहे. दोहोंतील औषधे बव्हंशी समान आहेत. भेद आहे तो वेळेचा आणि औषध घेण्याचा निर्णय कोणत्या मनःस्थितीत करावा लागतो याचा. समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत १९९७ ते २०२० या काळात पहिल्या प्रकारावरील भर क्रमाक्रमाने दुसऱ्याकडे वळला. हे स्थित्यंतर कसे घडले व त्यास विलंब का लागला, याचा विचार येथे मुख्यतः इंग्लंडमधील घडामोडींच्या आधारे केला आहे. कारण दोन्ही उपायांची एकाच समूहात तुलना करण्याची संधी तेथे मिळाली.

पार्श्वभूमी : लॉस अँजेल्स येथील पाच तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या विरळ प्रकारच्या फुप्फुसदाहाची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली. एड्सविषयीची ही पहिली अधिकृत नोंद होय. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाज बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये या रोगाचा विषाणू वेगळा केला. पहिल्या काही वर्षांत औषध असे काहीच नव्हते. निरोधाचा वापर व परस्परांना दिलेली माहिती एवढीच साधने समलिंगी पुरुषांच्या हाती होती, आणि तीही बहुतांशी त्यांच्याच संघटनांनी निर्माण केलेली होती. लंडनमधील टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट ही संस्था १९८२ मध्ये याच गरजेतून उभी राहिली. झिडोव्हुडीन या पहिल्या विषाणुरोधी औषधास अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचे एकत्रित उपचार रूढ झाले आणि रोगाची मारकता झपाट्याने कमी झाली. रुग्णास जगविणारे हे औषध निरोगी माणसाचे रक्षणही करू शकेल काय, हा प्रश्न त्यानंतर अधिक निकडीचा झाला.

संपर्कोत्तर प्रतिबंधाचा उगम : या उपचाराचा जन्म रुग्णालयांत झाला. संसर्ग झालेल्या रुग्णासाठी वापरलेली सुई परिचारिकेस किंवा डॉक्टरास टोचल्यास विषाणूचा संसर्ग होण्याचे प्रमाण हजारात सुमारे तीन असते. अशा प्रसंगानंतर झिडोव्हुडीन घेतलेल्या व न घेतलेल्या कर्मचाऱ्यांची तुलना करणारे संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्यांत संसर्गाचा धोका ८१ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसून आले. तत्पूर्वी १९९४ मध्ये, गर्भवती माता व नवजात बालक यांना झिडोव्हुडीन दिल्यास बालकास होणारा संसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी घटतो, हेही सिद्ध झाले होते.

उपचाराची मुदत ठरविण्यास माकडांवरील प्रयोगांचा मोठा उपयोग झाला. टेनोफोव्हिर हे द्रव्य प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली यांच्या संशोधनातून निर्माण झाले होते. मकाक जातीच्या माकडांना एचआयव्हीशी सदृश असलेला विषाणू टोचल्यानंतर २४ तासांच्या आत हे औषध देऊन ते चार आठवडे चालू ठेवल्यास त्यांचा बचाव होतो, असे १९९५ मध्ये आढळले. औषध उशिरा सुरू केल्यास किंवा लवकर थांबविल्यास संरक्षण उणावते, हे १९९८ च्या प्रयोगांनी दाखविले. याचे कारण विषाणूच्या जीवनक्रमात आहे. शरीरात शिरल्यावर तो प्रथम प्रवेशस्थानाजवळील कोशिकांत वाढतो, नंतर लसीका ग्रंथींत पोहोचतो व तेथून सर्वत्र पसरतो. एकदा त्याचा जनुकीय अंश यजमानाच्या कोशिकांत कायमचा रुजला की, औषधांनी तो उपटून काढता येत नाही. म्हणून जी काही संधी असते ती पहिल्या दोन-तीन दिवसांचीच. ७२ तासांच्या आत प्रारंभ व २८ दिवसांचा क्रम हा नियम यावरून रूढ झाला. मानवामध्ये या उपचाराची यादृच्छिक चाचणी कधीही झालेली नाही. धोका पत्करलेल्या माणसांपैकी निम्म्यांना औषधाविना ठेवणे नीतीस धरून झाले नसते.

रुग्णालयातून समाजात : सुई टोचलेल्या परिचारिकेस जे औषध तत्काळ मिळते, ते निरोध फाटल्याने भयभीत झालेल्या पुरुषास का मिळू नये, असा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. वैद्यकीय दृष्ट्या दोन्ही प्रसंग सारखेच होते. परंतु एकास अपघात व दुसऱ्यास आचरणदोष मानण्याची प्रवृत्ती होती. औषध मिळते असे कळल्यास लोक निरोध सोडून देतील, असा आक्षेप घेण्यात येई. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ४०१ व्यक्तींना लैंगिक किंवा अंतःक्षेपणजन्य संपर्कानंतर २८ दिवसांचे औषध व त्यासोबत समुपदेशन देण्यात आले. बहुसंख्यांचे वर्तन त्यानंतर अधिक धोक्याचे झाल्याचे आढळले नाही. अमेरिकन शासनाने २००५ च्या जानेवारीत रुग्णालयाबाहेरील संपर्कासाठी ७२ तास व २८ दिवस ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. इंग्लंडमध्ये लैंगिक संपर्कानंतरच्या उपचाराची राष्ट्रीय पातळीवरील तत्त्वे २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसा लैंगिक आरोग्य दवाखान्यांत व रात्री-अपरात्री रुग्णालयांच्या अपघात विभागांत हा उपचार विनामूल्य मिळू लागला.

आपत्कालीन उपचाराच्या मर्यादा : जुन्या औषधांमुळे मळमळ, जुलाब व थकवा येत असल्याने अनेकांना २८ दिवस पुरे करणे जड जाई. परंतु खरी उणीव औषधाच्या गुणात नव्हती. तिचे स्वरूप ब्राझीलमधील रीओ दे जानेरो येथील एका अभ्यासात विशेष स्पष्टपणे दिसले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोनशे समलिंगी पुरुषांना चार दिवसांच्या औषधाची पुडी आधीच घरी देऊन ठेवली होती. धोक्याचा प्रसंग घडताच त्यांनी स्वतःच औषध सुरू करावे व उरलेल्या दिवसांच्या औषधासाठी दवाखान्यात यावे, अशी योजना होती. म्हणजे दवाखाना बंद असणे, संकोच वाटणे, प्रवास करावा लागणे या अडचणी जवळजवळ उरल्या नव्हत्या. ६८ पुरुषांनी एकूण १०९ वेळा औषध सुरू केले. असे असूनही अभ्यासकाळात अकरा जणांना संसर्ग झालाच, आणि त्यांपैकी दहा जणांनी ती पुडी उघडलीच नव्हती. घडलेला प्रसंग औषध घेण्याइतका धोक्याचा आहे असे त्यांना वाटले नव्हते, हे त्याचे मुख्य कारण होते.

आपत्कालीन उपचार हा मुळात धोक्याच्या जाणिवेवर अवलंबून असतो. निरोध फाटल्याचे लक्षात येते. पण जोडीदारास संसर्ग असल्याचे त्याला स्वतःलाच ठाऊक नसेल, तर दुसऱ्याच्या मनात भय निर्माण होण्याचे कारण राहत नाही. प्रेमाच्या किंवा विश्वासाच्या नात्यात तर अशी शंका घेणेच अनेकांना अनुचित वाटते. याउलट ज्यांना भय वाटे, ते पुन्हापुन्हा दवाखान्यात येत. अशा वारंवार येणाऱ्यांत पुढे संसर्गाचे प्रमाण इतर समलिंगी पुरुषांपेक्षा अधिक असल्याचे ॲम्स्टरडॅमसह अन्यत्रही आढळून आले. एका प्रसंगातून वाचलेला माणूस पुढील प्रसंगी पुन्हा असुरक्षितच राहत होता. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा क्रम दरवेळी साधणे अशक्य होते.

संपर्कपूर्व प्रतिबंधाचा उदय : हिवतापाच्या प्रदेशात जाणारा प्रवासी निघण्यापूर्वीच औषध सुरू करतो, ही कल्पना वैद्यकास नवीन नव्हती. टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबीन यांची एकत्रित गोळी अमेरिकेत २००४ मध्ये ट्रुव्हाडा या नावाने उपचारासाठी मान्य झाली. दिवसातून एकच गोळी व तुलनेने सौम्य दुष्परिणाम यांमुळे ती प्रतिबंधासाठी सोयीची ठरली. प्रारंभीचे प्रयत्न मात्र अडखळले. कंबोडियातील चाचणी २००४ मध्ये व कॅमेरूनमधील चाचणी २००५ मध्ये बंद पडली. ज्यांच्यावर औषध तपासावयाचे त्यांना पुढे उपचाराची कोणती हमी मिळणार, हा त्या वादांतील एक महत्त्वाचा मुद्दा होता.

रॉबर्ट ग्रँट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आयप्रेक्स या चाचणीचे निष्कर्ष २०१० च्या नोव्हेंबरात जाहीर झाले. पेरू, एक्वादोर, ब्राझील, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, दक्षिण आफ्रिका व थायलंड या सहा देशांतील २,४९९ समलिंगी पुरुष व पारलिंगी स्त्रिया यांनी तीत भाग घेतला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ६४ जणांना, तर औषध घेणाऱ्यांत ३६ जणांना संसर्ग झाला. म्हणजे धोका ४४ टक्क्यांनी घटला. हा आकडा मध्यम वाटला, तरी त्यामागील कारण बोधप्रद होते. औषध वाटून दिलेल्यांपैकी अनेकांच्या रक्तात औषधाचा अंशही सापडला नाही. ज्यांच्या रक्तात तो सापडला त्यांना लाभलेले संरक्षण पुष्कळच अधिक होते. या गटातील पुढील निरीक्षणात, आठवड्यातून चार किंवा अधिक गोळ्या घेतल्याचे ज्यांच्या रक्तावरून दिसले त्यांच्यापैकी एकासही संसर्ग झाला नाही, असे २०१४ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेने १६ जुलै २०१२ रोजी प्रतिबंधासाठी या गोळीस मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये समलिंगी पुरुषांसाठी व २०१५ मध्ये लक्षणीय धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली.

इंग्लंडमधील चाचणी : प्रत्यक्ष व्यवहारात लोक ही गोळी नीट घेतील काय, या शंकेचे निरसन प्राउड या चाचणीने केले. २०१२ ते २०१४ या काळात इंग्लंडमधील तेरा लैंगिक आरोग्य दवाखान्यांतून ५४४ समलिंगी पुरुष तीत दाखल करण्यात आले. एका गटास गोळी लगेच, तर दुसऱ्यास एक वर्षाने द्यावयाची होती. निष्क्रिय गोळी कोणासच दिली नाही. तपासणी, समुपदेशन, निरोध व गरज पडल्यास संपर्कोत्तर उपचार हे दोन्ही गटांस उपलब्ध होते. लगेच औषध मिळालेल्या गटात तिघांना संसर्ग झाला. प्रतीक्षा करणाऱ्या गटात वीस जणांना. धोका ८६ टक्क्यांनी घटला. परिणाम इतका स्पष्ट होता की, २०१४ च्या ऑक्टोबरात सर्वांनाच औषध देऊ करण्यात आले.

या चाचणीतील आणखी एक आकडा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. प्रतीक्षा करणाऱ्या गटास त्या काळात संपर्कोत्तर उपचार १७४ वेळा लिहून देण्यात आला होता. म्हणजे हे पुरुष बेफिकीर नव्हते. ते धोका ओळखत होते, दवाखान्यात येत होते, औषध घेत होते. तरीही वीस जणांना आजन्म टिकणारा संसर्ग झाला. आपत्कालीन उपचार सुलभ व विनामूल्य असला, तरी सतत धोक्यात असणाऱ्यांना तो पुरेसा नाही, हे यावरून दिसून आले. निरोधाचा वापर घटून इतर गुप्तरोग वाढतील, असा आक्षेप होता. परंतु दोन गटांत उपदंश, परमा इ. रोगांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याच सुमारास फ्रान्स व क्वेबेक येथे झालेल्या इपरगे या चाचणीत, संबंधापूर्वी दोन गोळ्या व नंतर २४ तासांच्या अंतराने एकेक अशा दोन गोळ्या, या प्रसंगानुसारी पद्धतीनेही ८६ टक्के संरक्षण मिळाले. फ्रान्सने २०१६ च्या जानेवारीपासून हे औषध सार्वजनिक विम्याच्या खर्चाने देण्यास प्रारंभ केला.

खर्च व न्यायालयीन वाद : इंग्लंडमध्ये मात्र निर्णय रखडला. मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याकाठी ३५० पौंडांहून अधिक खर्च येई. एचआयव्हीवरील उपचारांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे होता; पण २०१३ पासून रोगप्रतिबंधाची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे गेली होती. हे औषध प्रतिबंधाचे असल्याने ते पुरविण्याचा आपणास कायदेशीर अधिकार नाही, अशी भूमिका आरोग्य सेवेने २०१६ च्या मार्चमध्ये घेतली. संपर्कोत्तर उपचारासाठी त्याच गोळ्या आरोग्य सेवाच देत होती, ही विसंगती पुढील वादात ठळकपणे मांडली गेली. नॅशनल एड्स ट्रस्ट या संस्थेने न्यायालयात दाद मागितली. उच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१६ रोजी संस्थेच्या बाजूने निर्णय दिला व अपील न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१६ रोजी तो कायम केला.

दरम्यान अनेकांनी वाट पाहिली नाही. तीन महिन्यांच्या वैयक्तिक वापरापुरते औषध परदेशातून मागविण्यास ब्रिटिश कायद्याची आडकाठी नव्हती. २०१५ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले ‘आय वाँट प्रेप नाउ’ हे संकेतस्थळ व प्रेपस्टर ही संस्था यांनी हे औषध कोठून मागवावे व कसे घ्यावे, याची माहिती दिली. या संकेतस्थळाचे एक संस्थापक ग्रेग ओवेन स्वतः हे औषध मिळविण्याच्या खटपटीत होते. परंतु त्याच वर्षी झालेल्या तपासणीत त्यांना आधीच संसर्ग झाल्याचे आढळले. मागविल्या जाणाऱ्या जेनेरिक गोळ्यांत मुंबईस्थित सिप्ला कंपनीच्या गोळ्यांचा वाटा मोठा होता; मूळ औषधाच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्यात त्या मिळत. त्या अस्सल आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी लंडनमधील ५६ डीन स्ट्रीट या दवाखान्याने वापरकर्त्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण तपासले. २०१५ नंतर लंडनच्या मोठ्या दवाखान्यांत समलिंगी पुरुषांतील नव्या निदानांची संख्या झपाट्याने घटली. वारंवार तपासणी व निदान होताच उपचार हीसुद्धा या घटीची कारणे आहेत. परंतु खाजगीरीत्या आणलेल्या या गोळ्यांचा त्यात वाटा होता, असे मानले जाते.

स्कॉटलंडने २०१७ च्या जुलैपासून हे औषध सार्वजनिक सेवेतून देण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये २०१७ च्या ऑक्टोबरात इम्पॅक्ट ही चाचणी दहा हजार जणांसाठी सुरू झाली. जागा अपुऱ्या पडून अनेक दवाखान्यांत प्रतीक्षायाद्या लागल्या व संख्या वाढवीत सव्वीस हजारांपर्यंत न्यावी लागली. नियमित पुरवठ्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. प्राउडचे निष्कर्ष व हा निर्णय यांत सुमारे पाच वर्षे गेली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने तुलनेने वेगळा मार्ग पत्करला. तेथे २०१६ च्या मार्चपासून हे औषध मोठ्या प्रमाणावर व त्वरेने वाटण्यात आले. समलिंगी पुरुषांतील नवी निदाने आधीच्या बारा महिन्यांतील २९५ वरून नंतरच्या बारा महिन्यांत २२१ वर आली.

एका उपचारातून दुसऱ्याकडे : सध्याच्या वैद्यकीय पद्धतीत हे दोन उपचार एकमेकांस जोडलेले मानले जातात. संपर्कोत्तर उपचारासाठी आलेल्या व्यक्तीस पुढेही धोका संभवत असल्यास, २८ दिवस पुरे होताच खंड न पाडता नित्य गोळी सुरू करावी, अशी शिफारस असते. मधे खंड पडल्यास नेमक्या त्याच काळात संसर्ग होण्याचा संभव राहतो. बदल करण्यापूर्वी रक्ततपासणी आवश्यक असते. संपर्कोत्तर उपचारात सामान्यतः तीन औषधे, तर नित्य गोळीत दोनच असतात. संसर्ग आधीच झाला असल्यास दोन औषधे त्यास पुरी पडत नाहीत व विषाणूत औषधरोध निर्माण होऊ शकतो. औषधांमुळे संसर्गाची खूण रक्तात उशिरा प्रकट होण्याचा संभव असल्याने तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करतात. पुढे साधारणतः दर तीन महिन्यांनी एचआयव्ही व इतर गुप्तरोग यांची तपासणी केली जाते आणि मूत्रपिंडांच्या कार्यावर लक्ष ठेवले जाते. ब जातीच्या यकृतशोथाचा संसर्ग असल्यास औषध अचानक थांबविणे धोक्याचे ठरते.

अलीकडे रोजच्या गोळीस पर्याय निर्माण झाले आहेत. दोन महिन्यांतून एकदा टोचावयाच्या कॅबोटेग्राव्हिर या औषधास अमेरिकेत २०२१ मध्ये, तर सहा महिन्यांतून एकदा टोचावयाच्या लेनाकॅपाव्हिरला २०२५ च्या जूनमध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. या प्रगतीचा लाभ मात्र समप्रमाणात पोहोचलेला नाही. इंग्लंडमध्येही शहरी गौरवर्णीय समलिंगी पुरुषांनी हे औषध लवकर स्वीकारले. कृष्णवर्णीय, स्थलांतरित व आपली ओळख उघड करू न शकणारे पुरुष मागे राहिले. जेथे समलिंगी संबंध गुन्हा मानले जातात, तेथे दवाखान्याची पायरी चढणेच अवघड असते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीने होणारे असे संबंध दंड संहितेच्या ३७७ व्या कलमातून वगळले.

नित्य औषधामुळे आपत्कालीन उपचार निरुपयोगी झालेला नाही. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्ती, सुई टोचलेले आरोग्यसेवक, गोळ्या चुकलेले वापरकर्ते व प्रथमच धोका ओळखून दवाखान्यात आलेली माणसे यांच्यासाठी तो आजही अनिवार्य आहे. अखेरच्या वर्गातील माणसाच्या बाबतीत ती भेट केवळ एका प्रसंगावरील उपाय न राहता दीर्घकालीन संरक्षणाचा प्रारंभ व्हावी, हा या सु. पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.